तोडलेल्या ऐनाची गोष्ट

पेण आणि रोहा तालुक्यातल्या आपल्या बचत गटांकडून आज आम्ही बोलतोय. मागच्या वेळी पापडाच्या पिठावर बोललो होतो, त्याआधी कर्जाच्या हप्त्यांवर. आज विषय जरा वेगळा आहे. झाड किती तोडावं, कुठून तोडावं, आणि तोडलेलं झाड कोणाचं, हा आजचा विषय. बोलता बोलता दीडशे वर्षं मागं जावं लागणार आहे, तेव्हा चुलीवरचं उतरवून बसा.

झालं असं, की आमच्या गटातल्या सात जणींनी रोपवाटिकेचं काम शिकायला घेतलं. शिकवायला मुंबईहून एक गृहस्थ यायचे. त्यांना बोन्सायचा नाद. एकदा येताना त्यांनी कुंडीतलं अझेलियाचं झाड आणलं. आपल्याकडं हे झाड फारसं दिसत नाही. हिमालयात लाल फुलांचा बुरांस असतो ना, त्याच्याच कुळातलं. त्याला थंडावा लागतो, आंबट माती लागते, कोकणातला उन्हाळा त्याला सोसत नाही. जपानात याचीच एक जात आहे, सात्सुकी. तिथल्या जुन्या पंचांगातल्या पाचव्या महिन्यात फुलते म्हणून तिचं नाव त्या महिन्यावरून पडलं. कानुमा नावाचं तिकडचं शहर या झाडासाठी आणि त्याला लागणाऱ्या पिवळसर, हलक्या मातीसाठी नावाजलेलं आहे.

तर त्या गृहस्थांनी काय केलं? फुलं गळून गेल्यावर, कात्री आणि करवत घेऊन, आमच्या डोळ्यांदेखत त्या झाडाचा पार बुडखा करून टाकला. एक पान ठेवलं नाही. मनगटाएवढं खोड आणि फांद्यांची चार बोटं, बस्स. आमच्यातली एक जण तर म्हणालीच, "मेलं हो दादा, चांगलं फुलत होतं." ते हसले. म्हणाले, तीन आठवडे थांबा. आणि खरोखरच, कुंडी सावलीत ठेवून बेताचं पाणी घालत राहिलो, तर त्या सुक्या लाकडातून, साल फोडून, हिरवे ठिपके वर आले. एकेका जागी पाच-पाच, सात-सात. त्यातले कोणते ठेवायचे आणि कोणते खुडायचे, हेच पुढचं सगळं शिक्षण.

त्यांनी आम्हाला कारणही सांगितलं. काही झाडांच्या सालीखाली डोळे झोपलेले असतात. वरचा शेंडा आहे तोवर ते उठत नाहीत. शेंडा गेला, ऊन थेट सालीवर आलं, की जागे होतात. अझेलियात हे डोळे अगदी जुन्या लाकडातही असतात, म्हणून त्याला एवढं निर्दयपणे तोडता येतं. देवदाराच्या किंवा पाइनच्या पान नसलेल्या जुन्या फांदीला असं केलंत तर ती फांदी सहसा परत फुटत नाही. आपल्या नारळाचा तर शेंडा गेला की झाडच गेलं. आणि तोडायच्या आधीचं वर्ष झाडाला खाऊ-पिऊ घालून दणकट करायचं, मुळं आणि फांद्या एकाच हंगामात कापायच्या नाहीत, हेही त्यांनी सांगितलं.

आमच्या गटात एक थोरल्या आजी आहेत. त्या शिकायला येत नाहीत, नातीबरोबर बसायला येतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "यात नवीन काय? आम्ही जन्मभर ऐनाला हेच केलं."

तिथून आमची गोष्ट सुरू होते.

आता राब म्हणजे काय, हे चाळिशीच्या वरच्या बायांना सांगायला नको. पण कारखान्यात जाणाऱ्या मुली ऐकत असतील, त्यांच्यासाठी सांगतो. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची, तो तुकडा पाऊस येण्याआधी भाजायचा. आधी शेणाचा थर, त्यावर टहाळ, म्हणजे झाडाच्या पानांसकट तोडून वाळवलेल्या डहाळ्या, त्यावर गवत-पेंढा-पातेरा, आणि वरून बारीक माती, म्हणजे आग भडकत नाही आणि राख उडत नाही. पेटवायचं वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर सावकाश सरकते आणि जमीन नीट भाजली जाते. मग पहिल्या पावसाला त्या राखेत भात पेरायचं आणि रोप तयार झालं की आवणी. दक्षिण कोकणात यालाच भाजावळ म्हणतात, आणि टहाळाला कवळ.

टहाळ सगळ्यात चांगला ऐनाचा. मग किंजळ, आणि जे मिळेल ते. पाऊस संपल्यावर कोयता घेऊन झाडावर चढायचं काम बहुधा पुरुषांचं. खाली गोळा करायचं, भारा बांधायचा, चुंबळ करून डोक्यावर घ्यायचा आणि डोंगर उतरायचा, हे काम आपलं. आजी सांगतात, त्यांच्या सासऱ्यांचा नेम होता की शेंड्याला कोयता लावायचा नाही, बगलेच्या फांद्या घ्यायच्या, आणि फांदी आधी खालून थोडी चिरून मग वरून तोडायची, म्हणजे साल सोलवटून बुंध्यापर्यंत जात नाही. यंदा या बाजूची झाडं घेतली तर पुढच्या वर्षी त्या बाजूची. ज्या घरात माणसं जास्त आणि जमीन कमी, तिथं हा नेम मोडायचा, हेही त्यांनी लपवलं नाही. सलग दरवर्षी तोडलेला ऐन खुरटतो, त्याच्या बुंध्यात पोकळी पडते, शेवटी एखाद्या वादळात जातो.

सुधागडच्या रस्त्यानं किंवा नागोठण्याच्या मागच्या बाजूला गेलात तर अजूनही असे ऐन दिसतात. बुंधा आजोबाएवढा जाड, गाठीगाठींचा, आणि वर फांद्यांचा लहानसा झुबका. एवढी वर्षं आम्ही ती झाडं पाहिली, पण ती मुद्दाम घडवलेली आहेत हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. अझेलियाची कुंडी शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा आलं.

आता राब कुठून यायचा, तर वरकस जमिनीतून. खाचराच्या वरच्या उताराची जमीन, जिथं नाचणी-वरी व्हायची आणि बाकी वर्षं गवत आणि झाडं. भातशेती आणि वरकस ही जोडी होती. एकीच्या पोटासाठी दुसरी. त्यापलीकडं डोंगर, तो गावाचा म्हणून वापरला जायचा.

झाडांवर सरकारची नजर काही इंग्रजांनीच पहिल्यांदा ठेवली असं नाही. मराठ्यांच्या आरमाराला साग लागायचाच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात याची चर्चा आहे. आरमारासाठी लाकूड घ्यावं, पण आंबा-फणसासारखी रयतेची झाडं तोडू नयेत, कारण ती वाढायला फार वर्षं लागतात आणि रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्णच झालं असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावं, असा त्याचा भाव. ते तंतोतंत किती पाळलं गेलं, तो वेगळा प्रश्न. पण झाड कोणाचं हे आधी विचारायचं, एवढं तरी त्यात होतं.

कुलाब्याच्या आंग्र्यांचं राज्य १८४० मध्ये संपलं आणि तो मुलूख इंग्रजांकडं गेला. १८६९ मध्ये कुलाबा हा वेगळा जिल्हा झाला. आपलं पेण, आपलं रोहा त्यातलेच तालुके. रायगड हे नाव तर १९८१ चं. मुंबई जवळ, खाड्या दारात. अंबा नदीवरचं नागोठणं, पेणचं अंतोरा बंदर, इथून लाकूड, कोळसा, गवत गलबतांत भरून मुंबईला जायचं. मुंबईच्या चुली आपल्या डोंगरांवर पेटायच्या, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. त्यात रेल्वे आली, तिला लाकूड हवं. मग सरकारला जंगलाची काळजी वाटू लागली.

१८७८ साली भारतीय वन कायदा आला. त्यात जंगलाचे प्रकार पाडले. आपल्याला कळेल अशा भाषेत सांगायचं तर राखीव जंगलात, जे करायला परवानगी दिली आहे तेवढंच करायचं, बाकी सगळं मना. संरक्षित जंगलात, जे मना केलं आहे ते सोडून बाकी चालेल. आता तुमचा डोंगर कोणत्या वहीत गेला, यावर तुमचं भात अवलंबून. आदल्या वर्षी जी बाई टहाळाचा भारा घेऊन उतरली, ती पुढच्या वर्षी त्याच वाटेनं उतरली तर गुन्हेगार. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, त्यात डोंगर आणि गायरानं जंगलखात्यानं गिळल्याबद्दलचा संताप आहे. तो पुण्याकडचा असला तरी आपल्या भागातही तसाच लागू होता.

सरकारी बाजूचं म्हणणं असं होतं, की राबासाठी तोडून तोडून रयतेनं जंगलाचा नाश चालवला आहे. राब ही अडाण्यांची चाल, खत घाला म्हणजे झालं. रयतेचं म्हणणं, की राबाशिवाय रोप होत नाही आणि रोपाशिवाय आम्ही सारा कुठून भरू. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. राब हा त्यातला मोठा प्रश्न. म्हणजे बघा, ज्या कामाबद्दल घरातसुद्धा कोणी 'दमलीस का' म्हणून विचारत नव्हतं, त्यावर आयोग बसला! त्या कागदांमध्ये 'रयत' हा शब्द आहे. भारा कोणाच्या डोक्यावर होता, हे त्या शब्दात दिसत नाही.

मग शास्त्रज्ञांची पाळी आली. व्होल्कर नावाचे इंग्रज रसायनतज्ज्ञ १८८९ च्या सुमारास हिंदुस्थानची शेती पाहायला आले. त्यांचा अहवाल १८९३ मध्ये छापला गेला. राबाला त्यांनी अडाणीपणा म्हटलं नाही. मुंबई इलाख्यातल्या शेती खात्याच्या प्रयोगांचा आधार घेऊन, शेतकरी जे करतो त्याला कारण आहे, असंच त्यांचं मत पडलं. पुढं पुण्याच्या शेती कॉलेजात हॅरॉल्ड मान, आणि त्यांच्याबरोबर जोशी आणि कानिटकर, यांनी राबाचा नीट अभ्यास करून १९१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. राखेचं खत तर होतंच, पण मातीला बसलेली आच हेच मोठं काम करते, असं त्यात दिसलं. तणाचं बी मरतं आणि मातीतलं अन्न रोपाला लवकर मिळतं. आजींना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग! उगाच का आम्ही उन्हात करपत होतो?"

जंगलाचा राग मात्र शमला नव्हता. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, आणि जिथं मीठ नव्हतं तिथं लोकांनी जंगलाचा कायदा मोडायला घेतला. आपल्या जिल्ह्यात चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३० रोजी, अक्कादेवीच्या माळाकडं लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन गेले. हिंसा करायला नव्हे, राखीव जंगलातलं लाकूड उघडपणे तोडायला. गोळीबार झाला. ८ जण हुतात्मा झाले. त्यांतलं एक नाव नवश्या महादेव कातकरी. पेण-रोह्याच्या वाड्यांवरच्या आमच्या कातकरी मैत्रिणींना हे नाव शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा दोघीजणी बराच वेळ गप्प होत्या. मग एकीनं ते नाव कागदावर लिहून मागितलं.

जाता जाता एक सांगतो. रोह्याचे चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढं देशाचे अर्थमंत्री, हे तुम्हाला माहीत आहे. पण केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञान घेतलं होतं आणि वनस्पतिशास्त्राचं बक्षीस मिळवलं होतं, हे आम्हालाही अलीकडंच कळलं. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. गावोगावच्या महिला मंडळांना त्या मंडळानं हात दिला. म्हणजे आमच्यासारख्यांचं एक मूळ तिकडंही जातं.

बरं, आता आजच्या गोष्टीकडं. हा सगळा इतिहास आम्ही का उकरला? हौस म्हणून नाही.

ते अझेलियावाले गृहस्थ एकदा आमच्याबरोबर डोंगरावर आले. ते तोडलेले ऐन, उंबर, करवंदीची जुनी खोडं बघून हरखून गेले. म्हणाले, कुंडीत हे घडवायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात, तुमच्याकडं तयार आहे. लहान बुडखे मुळांसकट खणून द्या, मी नगामागं पैसे देतो. आकडा ऐकून आमचे डोळे फिरले. एका बुडख्याचे पैसे म्हणजे पापडाच्या कितीतरी लाट्या. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. त्यानं शिकवलेलं आजही आमच्या कामाला येतं. पण त्याला त्यात झाड दिसत होतं, मागचे हात दिसत नव्हते.

बैठक ठरायच्या आधीच आमच्यातल्या दोघींनी सहा बुडखे काढून दिले. आम्ही त्यांना बोल लावत नाही. एकीच्या घरी दवाखान्याचा खर्च होता. पण भर उन्हाळ्यात काढले, मुळंही तोडली आणि फांद्याही, जे करू नका म्हणून आम्हालाच शिकवलं होतं तेच. सहांतले चार वाळले. पैसे निम्मेच आले.

मग बैठक झाली, आणि ती चांगलीच तापली. तरुण मुली म्हणाल्या, आता राब कोण भाजतं? युरिया आहे, गादीवाफ्यावर रोपं होतात. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळ्यांनी बसवलेली एसआरटी पद्धत आहे, तिच्यात तर गादीवाफ्यावर टोकणी करतात, राबही नाही, चिखलणीही नाही, आवणीही नाही. घरात गॅस आहे. मग ते ऐन कोणासाठी ठेवायचे? मुद्दा खोटा नव्हता. टहाळाचा भारा परत डोक्यावर घ्यावा असं आमच्यातल्या एकीलाही वाटत नाही, आजींना तर मुळीच नाही. त्यांची मान त्याच भाऱ्यांनी गेली.

दुसऱ्या बाजूनं कायदा वाचला. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ऐन आणि किंजळ दोन्ही आहेत. आपल्या मालकीच्या वरकसातला असला तरी परवानगीशिवाय तो काढता येत नाही. आणि डोंगर वनखात्याचा असेल तर प्रश्नच नाही. दुसरीकडं २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्यात ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मागता येतो, जंगल राखायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क. तो दावा करताना विचारतात, की तुम्ही हे जंगल पिढ्यान्‌पिढ्या वापरत होता याला पुरावा काय?

तेव्हा आजींनी विचारलं, "ते ऐन दाखवले तर?"

सगळ्या गप्प झाल्या. कागदी पुरावे कोणाच्या घरात नव्हते. साक्षीला म्हातारी माणसं होती, ती दरवर्षी कमी होत होती. पण डोंगरावर शे-दीडशे झाडं उभी होती, आणि प्रत्येकाच्या अंगावर कोयत्याच्या जुन्या घावांवर गाठी चढलेल्या. कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचं म्हणणं आणि जमिनीवरच्या खुणा पुरावा म्हणून चालतात. त्या खुणाच आम्ही नगावर विकायला निघालो होतो.

त्या दिवशी ठरलं, की बुडखे काढायचे नाहीत. एकमतानं नव्हे, हात वर करून ठरलं. अकरा विरुद्ध सहा. बोन्सायच्या गृहस्थांना तसं कळवलं. ते थोडे नाराज झाले, पण करवंदीच्या आणि उंबराच्या फांद्यांपासून रोपं करायला शिकवायला तयार झाले. त्यात पैसा उशिरा येईल, चार-पाच वर्षांनी, तोही सगळ्या रोपांचा नाही. ज्या सहा जणींनी हात वर केले नव्हते त्यांचा हा राग अजून आहे, आणि दवाखान्याच्या बिलाला चार वर्षं थांबा म्हणता येत नाही, हे त्यांचं बरोबरच आहे. गटाच्या अंतर्गत कर्जातून त्या दोघींना उचल दिली. तो हप्ता चालू आहे.

पावसानंतर आम्ही डोंगरावर जाऊन ऐन मोजायला सुरुवात केली. प्रत्येक झाडाला आकडा, बुंध्याचा घेर दोरीनं, किती जुन्या तोडी दिसतात ते, आणि कोणत्या घराचं माणूस त्यावर चढायचं, त्याचं नाव. पुरुषांची नावं पटापट आठवली. खाली भारा कोण बांधायची, हे विचारल्यावर लोक थांबायचे, मग हळूहळू सांगायचे. त्यासाठी वहीत एक वेगळा रकाना आखला आहे. आतापर्यंत ६३ झाडं झाली. एका झाडावर, फार दिवसांनी, आजींच्या नातवाला चढवून बगलेच्या तीन फांद्या तोडून घेतल्या. आजी खालून ओरडत होत्या, "शेंडा सोड! आधी खालून चीर!" जानेवारीत तोडलेल्या त्या जागी मेपर्यंत फूट आली होती.

अझेलियाची कुंडी अजून आमच्याकडंच आहे. उन्हाळ्यात तिला माठाच्या शेजारी ठेवतो. यंदा दोन फुलं आली. ज्यांच्या घरी जुने ऐन असतील आणि ते कोण तोडायचं हे सांगणारं माणूस अजून असेल, त्यांनी ते लवकर लिहून घ्या आणि आपल्या गटाच्या ताईंकडं द्या. पुढच्या बैठकीला आम्ही वही घेऊन येतो.